मी तुमची वकील नाही

ईशान, मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस की आजी, तू कॉलेजात नक्की काय शिकवायचीस. मी म्हटलं, वकिलांना नीती. त्यावर तू इतका हसलास की पलीकडच्या खोलीतून तन्वी धावत आली, मग तू तिला सांगितलंस आणि दोघं मिळून पुन्हा हसलात. मला राग आला नाही. हा विनोद सोलापुरात मी आयुष्यभर ऐकत आले आहे. तुमचे आजोबा तर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझी ओळख अशीच करून द्यायचे: "आमची ही वाघांना शाकाहार शिकवते."

आता एका दिवाळी अंकाने कामाच्या आठवणी मागितल्या आहेत. मी त्या तुम्हा दोघांनाच सांगणार आहे. बाकीच्या वाचकांनी बाजूला बसून ऐकावं.

आधी शाकाहाराबद्दल. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला एक विषय असतो: वकिलाने कसं वागावं. कोर्टाशी कसं, पक्षकाराशी कसं, समोरच्या वकिलाशी कसं. या पेपरात कुणी नापास होत नाही, म्हणून मुलं त्याला 'सुट्टीचा पेपर' म्हणत. माझा तास जेवणानंतरचा होता. ज्यांचं जेवण राहिलं असेल ते मागच्या बाकावर डबा उघडत आणि शेंगाचटणीचा वास नीतीच्या वर तरंगत राही. मी पंचवीस वर्षं कोर्टात काढून मग शिकवायला आले होते, त्यामुळे वासाने विचलित होणाऱ्यांपैकी नव्हते. फक्त एक नियम केला: डबा उघडणाऱ्याने उत्तर द्यायचं.

खरी अडचण भाषेची होती, आणि ती मुलांची नव्हती, माझी होती. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. पहिल्याच वर्षी मी 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' हा धडा मोठ्या उत्साहाने शिकवला. एकाच वेळी दोन विरुद्ध बाजूंचं काम वकिलाने घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेत एका मुलाने लिहिलं, "व्याजाच्या दरावरून वकील व पक्षकार यांच्यात होणारे भांडण." पेपर हातात घेऊन मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. पण चूक त्याची नव्हती. इंटरेस्ट म्हणजे व्याज, हे त्याला बँकेच्या पासबुकाने शिकवलं होतं.

मग मी पुस्तकातला मराठी शब्द काढला, 'हितसंबंधांचा संघर्ष'. तो ऐकून वर्गाला वाटलं, एमआयडीसीच्या फाटकावर कामगारांचा मोर्चा निघाला आहे. शेवटी, माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा, मागच्या बाकावरून सुवर्णा वाघमोडे नावाची मुलगी उभी राहिली. ती माळशिरस तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, कोट तिच्या मापापेक्षा मोठा. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी."

मी म्हटलं, जवळ आलीस, पण एक फरक आहे. इथे पाहुणा दोन्हीकडे पोटभर जेवतो. उपाशी राहतात ती दोन घरं.

त्या दिवसापासून वर्गात त्याला 'दोन्हीकडे जेवणं' असंच म्हणायला लागले. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेतही दोघांनी तसंच लिहिलं. तपासणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. त्यांनी गुण दिले की नाही हे मी विचारलं नाही, कारण ते विचारणंही आमच्याच पेपरात बसत नाही.

परदेशात बसून तुम्हाला वाटेल, एवढी साधी गोष्ट शिकवायला कशाला लागते? तर ऐका. आमच्याकडे माणूस वकिलाकडे जात नाही, घराणं जातं. बांधावरून भांडणारे दोन भाऊ एकाच मोटारसायकलवरून येतात, एकाच बाकावर बसतात आणि म्हणतात, "तुमीच सांगा आता काय ते." वकीलही म्हणतो, "या, या. तुम्ही आमचेच की." हा 'की' फार गोड असतो. त्या 'की'मध्ये चहा असतो, ओळख असते, कुणाच्या तरी लग्नात एका पंगतीत बसलेलं असतं. फक्त वकील नक्की कुणाचा, एवढंच त्यात नसतं. आणि ज्याला बोलता येतं, ज्याने वकिलाला आणलं, त्याचाच तो असतो. गप्प बसलेल्याला वाटत राहतं, आपलाही आहे.

म्हणून मी वर्गात एक कवायत सुरू केली. प्रत्येकाने पुढे यायचं, समोरच्या खुर्चीतल्या माणसाकडे बघायचं आणि न हसता म्हणायचं: "मी तुमचा वकील नाही." मुलगी असेल तर, "तुमची वकील नाही." बस, एवढंच.

कुणाला जमेना. खुनाच्या खटल्यावर तासभर बोलणारी मुलं या चार शब्दांशी अडखळायची. अक्कलकोटकडचा एक जण म्हणाला, "मी तुमचा वकील नाही, पण बसा, चहा घ्या, तुमचं काम होऊन जाईल." दुसरा सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा, अतिशय सभ्य मुलगा. त्याने वाक्य स्वच्छ म्हटलं आणि लगेच वाकून माझ्या पाया पडला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "मॅडम, असं तोंडावर बोलल्यावर पाया पडायला नको का?" सुवर्णाने वाक्य पूर्ण केलं, दोन क्षण थांबली आणि हळूच जोडलं, "सध्या तरी." मी म्हटलं, 'सध्या तरी' काढ. तिने काढलं, पण जड मनाने.

सगळं यश मिळालं असं समजू नका. वकिलाने जाहिरात करू नये हा नियम मी वर्षभर घोटून घेतला आणि निकालानंतर आठवड्याभरात कॉलेजच्याच चौकात फ्लेक्स लागला. माझा एक विद्यार्थी, काळा कोट, गॉगल, खाली मोबाइल नंबर, आजूबाजूला शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. बोलावून घेतलं तर म्हणतो, "मी नाही लावला मॅडम, मित्रांनी लावला." मी विचारलं, आणि गॉगल घालून फोटो कुणी काढून घेतला? फ्लेक्स उतरला. पुढे त्याचे वडील भेटले तेव्हा म्हणाले, फ्लेक्स वाया गेला नाही, शेळ्यांच्या गोठ्यावर टाकलाय, कापड चांगलं आहे. तेव्हा निदान शेळ्यांना तरी वकिलाचा नंबर माहीत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारून लिहिते आहे. नावं आणि खुणा बदलल्या आहेत.

निवृत्त झाल्यावर मी दर गुरुवारी बिराजदार वकिलांच्या ऑफिसात जाऊ लागले. ते माझे वर्गमित्र. आयुष्यभर आम्ही एकमेकांविरुद्ध उभे राहिलो; आता त्यांच्या हायकोर्टात जाणाऱ्या कागदांचं इंग्रजी मी तपासून देते. ऑफिस कोर्टाजवळ, पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत बाकं, आत एक केबिन, मध्ये अर्धा पडदा. सुवर्णा तेव्हा त्यांच्याकडे नुकतीच ज्युनिअर म्हणून लागली होती. कोट आता मापाचा होता.

श्रावण होता, पंचमी चार दिवसांवर. बिराजदार कोर्टात गेले होते, मी केबिनमध्ये लाल पेन घेऊन बसले होते. तेवढ्यात मोहोळकडचा दत्ता नावाचा शेतकरी वर आला. बरोबर त्याची थोरली बहीण हिराबाई. तिचं सासर सोलापुरातच. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर, ती घरी टॉवेलच्या कडा शिवते. अंगावर नवी हिरवी साडी, हातात भरलेली पिशवी.

दत्ता खुशीत होता. सुवर्णाला म्हणाला, "अक्काला न्यायला आलोय पंचमीला. म्हटलं वाटंतच हाय तर ती सई उरकून घ्यावी."

ती सही कसली, ते तुम्हाला समजावते. बाप वारला की शेताच्या उताऱ्यावर त्याच्या बायकोचं नाव आणि सगळ्या मुलामुलींची नावं लागतात. कायद्याने मुलीचा वाटा मुलाएवढाच. मग भाऊ वकिलाकडून हक्कसोडपत्र नावाचा कागद करून घेतात. त्यावर बहिणीने सही केली की तिचा वाटा भावांकडे जातो. आमच्याकडे त्याला 'बहिणीचं नाव कमी करणं' म्हणतात, भाजीतलं तिखट कमी करावं तसं. बहुतेक बहिणी सही करतात. वाटा मागितला तर माहेर तुटतं, पंचमीला आणि दिवाळीला न्यायला कुणी येत नाही. ती भीती कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते, पण सही तिचीच असते.

कागद बिराजदारांनी आधीच तयार करून ठेवला होता. दत्ता त्यांचा पक्षकार, त्याच्या वडिलांपासूनचा. सुवर्णाने फक्त बहिणीला घेऊन नोंदणी कार्यालयात जायचं होतं. तिने दोघांना चहा मागवला. मग म्हणाली, कागद एकदा वाचून दाखवते. दत्ता म्हणाला, वाचायचं काय त्यात, घरचाच कागद हाय.

पडद्याखालून मला तिचे पाय दिसत होते. ते टेबलामागून निघाले, खुर्ची ओढली गेली आणि ते हिराबाईच्या समोर येऊन थांबले. मी पेन खाली ठेवलं आणि पडद्याच्या कडेने बघू लागले.

वर्गात मी तिला प्रमाण मराठीत घोटून घेतलं होतं. ती तिच्या गावच्या बोलीत बोलली. "अक्का, मी तुमची वकील न्हाय. मी तुमच्या भावाची वकील हाय. ह्या कागदावर सई केली की बापाच्या जमिनीतलं तुमचं नाव जातंय, परत येत न्हाय. सई करा का नगा करू, ते मी सांगणार न्हाय. कुणाला इचारायचं आसंल तर दुसरा वकील गाठा."

'सध्या तरी' नव्हतं.

हिराबाईने हातातल्या कपाकडे बघितलं. "मग मला चा कशापायी पाजला?"

केबिनमध्ये मी तोंडावर पदर धरला. पण सुवर्णा हसली नाही. "चा पावण्याला दिला, अक्का. कागद येगळा."

दत्ताला आधी काय झालं तेच कळलं नाही. कळल्यावर तो उभा राहिला आणि त्याने बिराजदारांना फोन लावला. वकील आपला, फी आपली आणि ही पोरगी बहिणीला फितवती, असं तो फोनवर म्हणाला. मला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने म्हणाला.

बिराजदार गाऊनसकट धापा टाकत जिना चढून आले. सुवर्णाकडे त्यांनी बघितलं नाही, सरळ पडदा बाजूला करून माझ्याकडे बघितलं. "हे तुमचं शिक्षण."

मग ते तिच्याकडे वळले. घरच्या माणसांशी असं बोलतात का, यांचे वडील कुठल्या विश्वासाने माझ्याकडे यायचे माहीत आहे का, वगैरे बरंच बोलले. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "संध्याकाळी बोलू." त्यांच्या ऑफिसात या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. आधीच्या एका ज्युनिअरशी ते असंच संध्याकाळी बोलले होते. तो आता बार्शीला वकिली करतो. सुवर्णाचा चेहरा उतरला, पण ती खुर्चीवरून हलली नाही.

मी बाहेर आले. त्यांच्या ऑफिसात मी पाहुणी, पण त्यांच्याशी भांडायची सवय जुनी. म्हटलं, "बिराजदार, उद्या या बाईंनी दावा लावला की मला काय कागद आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं, मी भावाच्या वकिलालाच माझा वकील समजले, तर साक्षीच्या पिंजऱ्यात कोण उभं राहणार? ही? का तुम्ही?"

बिराजदार रागीट आहेत, पण कायदा त्यांना रागाच्या आधी आठवतो. गाऊन काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला, रुमालाने मान पुसली आणि दत्ताला विचारलं, "तू बहिणीला विचारलंयस ना रे?"

"इचारायचं काय त्यात? घरचीच हाय की."

"तसं नाही. तोंडाने विचारलंस का?"

 उत्तर हिराबाईने दिलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. ती म्हणाली, हा कागद कधीतरी येणार हे तिला ठाऊक होतं, शेजारणीचाही असाच झाला. नवऱ्याशी बोलून तिने महिन्यापूर्वीच ठरवलं होतं की सही द्यायची, वाटा राहू दे, माहेर राहील. कालपासून ती पंचमीला जायचं म्हणून पिशवी भरून बसली होती. भाऊ मुराळी म्हणून आला, तिला बरं वाटलं. मुराळी म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. तन्वी, हा शब्द तुझ्यासाठी. "आन गाडी गावाकडं जायची ती हितं थांबली," ती म्हणाली. "तवा कळलं मला, कशाला आलाय त्ये."

 बिराजदार दत्ताला म्हणाले, "विचार आता."

दत्ताने बहिणीकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं, "अक्का, करतीस का सई?"

खरं सांगते, मला वाटलं, आता ती हो म्हणेल. मान हवा होता, मिळाला. सही होईल आणि सगळे जण पंचमीला जातील. बिराजदारांना पण तेच वाटलं असणार, कारण त्यांनी पेनचं टोपण काढलं.

हिराबाईने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "न्हाय."

दत्ता वळला.

"न इचारता केली आसती," ती म्हणाली. "आता इचारलंस, तर न्हाय."

दत्ता जिना उतरून गेला. त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, मग रस्त्याच्या आवाजात मिसळला. हिराबाई बसली होती तशीच बसून राहिली. मग तिने पिशवी ओढून मांडीवर घेतली आणि सुवर्णाला विचारलं की अक्कलकोट रोडला जायला रिक्षा खालीच मिळेल का. सुवर्णा म्हणाली, मिळंल. यापुढे तिला काही बोलता येत नव्हतं. त्या बाईची ती वकील नव्हती, बहीण नव्हती, आणि आता सही दे असंही म्हणू शकत नव्हती, देऊ नको असंही नाही. मला तेव्हा लक्षात आलं की मी या मुलांकडून ते वाक्य इतक्या वेळा म्हणून घेतलं, पण वाक्य म्हणून झाल्यावर समोरच्या माणसाजवळ कसं बसायचं, हे मी त्यांना कधी शिकवलं नाही. अजूनही ते कुठल्या धड्यात घालावं हे मला सुचलेलं नाही. सुवर्णा नुसती तिच्याजवळ बसून राहिली.

बिराजदारांनी हक्कसोडपत्र उचललं, घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवून दिलं. मग फाइलकडेच बघत सुवर्णाला म्हणाले, "संध्याकाळचं राहू दे." इतकं मोठं विधान मी त्यांच्या तोंडून त्याआधी एकदाच ऐकलं होतं, तेही हायकोर्टात हरल्यावर.

हिराबाई उठली. पदर नीट केला, पिशवी उचलली. दाराशी पोचते तोच जिन्यावर पुन्हा चपला वाजल्या आणि दत्ता वर आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच थांबला. चेहरा अजून तसाच, फुगलेला.

"गाडी सावलीत लावाया गेलतो," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

हिराबाई दारातच उभी राहिली.

"चल की. आई दारात बसली आसंल."

"मी सई दिली न्हाय, दत्ता."

"माहीत हाय मला. मी हितंच हुतो." त्याने तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "म्हातारीनं लिंबाला झोका बांदून घेतलाय. त्यो काय आता मी खेळू व्हय?"